दवाईखेडच्या पाच जणी

डोळे मिट असं सांगणार नाही, कारण मग पुढचं वाचणार कसं? उघड्या डोळ्यांनीच एक चित्र डोक्यात मांड. सकाळचे सहा वाजून पन्नास मिनिटं झाली आहेत. तू एस.टी.त उभी आहेस. मुलगा असशील तर थोडा वेळ मुलगी हो, कारण ही बस मुलींची आहे. एका हाताने वरची दांडी धरली आहेस, दप्तर पायांच्या मध्ये ठेवलं आहेस. खिडकीबाहेर काळी जमीन आणि खांद्याएवढी तूर. आता मोज बरं, बसमध्ये मुली किती? बसलेल्या, उभ्या असलेल्या, तिघींच्या बाकावर चौघी कोंबलेल्या. घाई करू नको.

चोवीस. पुन्हा मोज. चोवीसच.

आता कल्पना कर, की शाळेत पोचल्यावर संगणक तुला सांगतो, तुझ्या गावाच्या मुली नऊ आहेत. फक्त नऊ. तू कुणाचं खरं मानशील? तुझ्या बोटांचं की पडद्याचं?

आचलवर ही वेळ आली तेव्हा ती नववीत होती. तिचं गाव धवळखेड. शाळा अंजनगाव सुर्जीत, गावापासून चौदा किलोमीटर. त्यातले दहा मोठ्या रस्त्याचे, मग फाटा, आणि फाट्यापासून आत गावापर्यंत चार. तिचे वडील गोवर्धन झेंडू आणि भाजी लावत. त्या गुरुवारी शाळेत एक पत्र आलं आणि मुख्याध्यापिका काळमेघ मॅडमनी आचलला आणि दहावीतल्या नितेशला बोलावून घेतलं. शाळेतल्या मुलींची यादी संगणकावर भरायचं काम जूनमध्ये या दोघांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी केलं होतं.

"कुठली बस कुठपर्यंत न्यायची याची पाहणी चालली आहे," मॅडम म्हणाल्या. "एखाद्या गावाच्या, पाचवी ते दहावीच्या, निदान वीस मुली आपल्याकडे असतील तर बस गावात जाईल. नाहीतर फाट्यावरून वळेल. यादी शाळेच्या नोंदीतून निघालेली पाहिजे, तोंडी चालणार नाही. उद्या चार वाजता माणूस येईल न्यायला."

"मॅडम, रजिस्टरातून काढू ना," आचल म्हणाली.

"रजिस्टर तपासणीसाठी अमरावतीला गेलंय. आठ दिवस येत नाही. म्हणून तर तुम्हाला बोलावलं."

आचलचा पाय आपोआप हलायला लागला. बसल्या बसल्या टाच आपटायची तिला सवय होती. तिच्या डोळ्यांपुढे मैना आली. मैना तिच्या शेजारच्या घरातली, वर्गात तिच्याच बाकावर बसणारी. मैनाच्या वडिलांनी दिवाळीतच सांगून ठेवलं होतं, "बस गावात येते म्हनून शाळा. बस बंद त शाळा बंद. फाट्यापासून चार किलोमीटर पोट्टीनं पायी याचं नाई." ते काही वाईट माणूस नव्हते. हिवाळ्यात सकाळी त्या रस्त्यावर अंधार असतो आणि तुरीतून रानडुकरं निघतात, हे खरंच होतं.

नितेश तोवर संगणकासमोर बसलाही होता.

त्या यादीविषयी एवढं समजून घे. ती म्हणजे एक मोठा तक्ता. एका मुलीची एक आडवी ओळ, आणि त्या ओळीत खाने: नोंद क्रमांक, नाव, वडिलांचं नाव, वर्ग, गाव. अशा सहाशे बारा ओळी. तक्त्याचं नाव ठेवलं होतं muli. अशा तक्त्याला प्रश्न विचारायची एक भाषा असते, तिला एसक्यूएल म्हणतात. ती लिहून बोलायची भाषा आहे. प्रश्न बरोबर विचारला तर बरोबर उत्तर येतं. प्रश्न थोडा चुकला तरीही उत्तर येतंच, आणि ते उत्तर बरोबर उत्तराइतकंच ऐटीत येतं. गोंधळ होतो तो इथे.

नितेश ही भाषा शिकलेला नव्हता. "शिकाचं काहून? एआयले सांगतलं का तो लिहून देते," हे त्याचं ठरलेलं वाक्य. भावाच्या फोनवर त्यानं एआयला विचारलं, आणि आलेली ओळ पाहून पाहून संगणकावर उतरवली:

SELECT COUNT(*) FROM muli WHERE gaon = 'धवळखेड';

म्हणजे, मुलींच्या तक्त्यातून अशा ओळी मोज, जिथे गाव धवळखेड आहे. त्यानं एंटर दाबायला बोट उचललं.

"थांब," आचल म्हणाली. "आधी आकडा सांग."

"कायचा आकडा?"

"किती येतीन तो. दाबाच्या आधी सांगा लागते."

"मले मालूम असतं त मशीनले कायले इचारलं असतं? तू बी ना!"

आचल मनात म्हणाली, चोवीस. नितेशनं एंटर दाबलं.

पडद्यावर आला नऊचा आकडा.

आधी आकडा सांगायची ही सवय तिला लावली होती साधना मावशीनं. मावशी अकोल्यात राहते, रक्त तपासायच्या एका लॅबमध्ये नोंदी सांभाळते. मे महिन्यात आचल तिच्याकडे राहायला गेली होती. अकोल्याचा मे म्हणजे दुपारी घराबाहेर पाऊल टाकायची सोय नाही. मग मावशीनं तिला जुना लॅपटॉप दिला आणि गल्लीतल्या चौदा घरांचा एक तक्ता करायला लावला. घर नंबर, माणसं किती, कुत्रं आहे का, कूलर आहे का. एवढ्याशा तक्त्यावर ती रोज वीस-वीस प्रश्न लिहून घ्यायची. आणि एकच नियम: एंटर दाबायच्या आधी वहीत डावीकडे आपला आकडा लिहायचा, मग उजवीकडे मशीनचा.

पहिल्या आठवड्यात डावं-उजवं कधी जुळलंच नाही. आचल चिडायची. "एआयले इचारू ना मावशी! तुमच्या लॅबमंदी त सारेच इचारतात."

"इचार ना. मी बी इचारते," मावशी म्हणायची. "पन त्यानं लिहून देल्लं ते तुले वाचता आलं पायजे. अन् आकडा आधी तुया पोटात पायजे. नाईत तो नऊ म्हनीन त तू नऊ म्हनशीन, अन् नव्वद म्हनीन त नव्वद. चुकला आकडा त चुकू दे. काहून चुकला ते मालूम झालं पायजे."

एकदा प्रश्न होता, कूलर नसलेली घरं किती. आचलनं लिहिलं तीन. मशीन म्हणालं दोन. तिनं तक्ता वर-खाली पाहिला. सातव्या, सहदेवकाकांच्या घराचा कूलरचा खाना कोरा होता.

"सहदेवकाकाले तू इचारलं होतं?" मावशीनं विचारलं.

"नाई. ते दारच उघडत नाईत."

"मंग त्याइच्याकडे कूलर नाई, हे तुले कोनं सांगतलं? 'नाई' वेगळं, अन् 'इचारलंच नाई' वेगळं. कोरा खाना 'हाये'च्या यादीतही येत नाई, अन् 'नाई'च्या यादीतही येत नाई. त्याले वेगळं इचारा लागते, कोरे कोन हायेत म्हनून."

त्या कोऱ्या खान्याला एसक्यूएलमध्ये 'नल' म्हणतात. संध्याकाळी आचलनं सहदेवकाकांचं दार तीनदा वाजवलं. त्यांच्याकडे दोन कूलर निघाले, दोन्ही बिघडलेले. हे आता 'आहे' लिहायचं की 'नाही', यावर मावशी-भाचीचं जेवण होईपर्यंत भांडण चाललं.

तर अशी ती आचल, आणि समोर नऊ.

"नऊ कसे? बसमंदी चोवीस असतो आमी."

"मशीन खोटं बोलते काय?"

"खोटं नाई बोलत. पन तिले जे इचारलं तेच सांगते ना गा."

नितेशला हरायची सवय नव्हती. त्यानं पुन्हा फोन काढला. "थांब, त्याले सांगतो, काही जागी गावाचं नाव चुकीचं असीन." एआयनं लगेच दुसरी ओळ दिली: ज्या गावाच्या नावाच्या शेवटी 'खेड' आहे, ती सगळी मोज. एंटर. एक्केचाळीस.

"घे व! एक्केचाळीस! तुमच्या गावाले आता दोन बसा देतीन."

आचलनं त्यातली वरची पाच-सहा नावं काढून वाचली. सोनखेडच्या होत्या, रामखेडच्या होत्या, पार दुसऱ्या बाजूच्या. वीसच्या वर आकडा हवा होता आणि तो समोर होता. पाय वेगाने हलायला लागला.

"हे देता येत नाई."

"काहून? कोन पाहून राहिलं?"

"बसवाला रोज पाहते. एक दिवस मोजलं त्यानं, अन् एक्केचाळीसच्या जागी चोवीस निघाल्या, त आपली यादी कोन मानीन मंग? खरी बी मानत नाईत."

नितेशनं खांदे उडवले. मॅडमनी दोन्ही आकडे पाहिले, कपाळाला हात लावला आणि म्हणाल्या, "उद्या तीनपर्यंत मला एक आकडा द्या. नऊ असतील तर नऊवर सही करीन. जे नोंदीत नाही, ते मी लिहून देणार नाही."

घरी आल्यावर आचलला एका जागी बसवेना. वडील अंगणात झेंडूच्या माळा करत होते. तीही सुई घेऊन बसली, दोनदा बोटात टोचून घेतली, उठली. मैनाच्या घरात डोकावून आली. मैना भाकरी थापत होती. "काय झालं व?" तिनं विचारलं. "काई नाई," म्हणून आचल परत फिरली. अंधार पडायच्या आत तिनं अकोल्याला फोन लावला आणि एका दमात सगळं सांगितलं.

मावशीनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मोजून काहून राहिली तू?"

"मंग काय करू?"

"पाह्य. आधी पाह्य, मंग मोज. गावाच्या खान्यात काय काय भरलं हाये ते पाहलं काय तू? तुमी दोघं बी बसले नुसते मोजत."

फोन ठेवल्यावर आचलला स्वतःचाच राग आला. मे महिन्यात हे तिनं निदान शंभरदा केलं होतं. नितेशच्या घाईच्या नादात विसरली होती.

शुक्रवारी सकाळी बसमध्ये तिनं नुसतं मोजलं नाही, वहीत एकेक नाव लिहिलं. तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. चोवीसमधल्या चौघी अकरावी-बारावीच्या होत्या, त्या दुसरीकडे जायच्या. म्हणजे तिच्या पोटातला आकडाही चुकीचा होता. खरा आकडा वीस. बरोबर वीस. एकही जास्त नाही. हे कळल्यावर तिला बरं वाटलं नाही; आता एक जरी नाव निसटलं तरी बस फाट्यावरून वळणार होती.

मधल्या सुट्टीत ती मैनाला ओढत संगणकाच्या खोलीत घेऊन गेली. नितेश आधीच तिथे होता. तिनं कुणाला न विचारता लिहिलं:

SELECT DISTINCT gaon FROM muli ORDER BY gaon;

म्हणजे, गावाच्या खान्यात जी जी वेगवेगळी नावं आहेत ती एकेकदा दाखव, ओळीनं लाव. "आकडा सांग," ती मैनाला म्हणाली.

"मी काय सांगू? असतीन चाळीसक गावं."

बासष्ट ओळी आल्या. पहिली ओळ कोरी होती. आचलचं बोट तिच्यावरून सरळ खाली घसरलं. अंजनगाव, अडगाव... उदयखेड... खाली आणखी खाली... दवाई खेड.

"दवाई खेड?" मैना खुदकन हसली. "हे कोठी हाये व? तठी साऱ्या मेडिकलच असतीन."

"अन् हे पाह्य," नितेश म्हणाला, "धाव खेळ! हे गाव हाये का पीटीचा तास?"

तिघंही हसले. आचलचं हसू मध्येच थांबलं.

"मैना, आपल्या गावाचं नाव घे."

"काहून?"

"घे त."

"धवयखेड."

"पुन्हा."

"धवयखेड! बहिरी झाली काय?"

आता तुला सांगायला हवं. आमच्या वऱ्हाडात 'ळ' जिभेवर टिकत नाही. काळा तो काया, डोळा तो डोया, आणि धवळखेड ते धवयखेड. लिहिताना आम्ही 'ळ'च लिहितो, म्हणून कधी कुणाचं काही अडत नाही. पण जूनमध्ये नितेशनं एक युक्ती काढली होती. सहाशे नावं टाइप करायचा कंटाळा, म्हणून फोनवर बोलायचं आणि फोन लिहून घेईल. मुलींनी पाळीपाळीनं रजिस्टर वाचलं. पहिली शंभर-दीडशे नावं हातानं भरलेली होती, त्यात धवळखेडच्या नऊ होत्या. त्यापुढे फोन ऐकत गेला. त्याला धवळखेड माहीत होतं की नाही कोण जाणे, पण धवयखेड नक्कीच माहीत नव्हतं. मग त्यानं त्याच्या ओळखीतला जवळचा शब्द धरला. कुणाच्या तोंडून दवाई ऐकलं, कुणाच्या तोंडून उदय, आणि कुणी भराभर म्हटलं तर धाव खेळ.

"म्हंजे तुमीच असं बोलता म्हनून झालं," नितेश म्हणाला.

"तू काय काळा म्हनते काय? परवा मलेच म्हने, फया पुस!" आचल म्हणाली.

नितेशनं फळ्याकडे पाहिलं.

आचलनं वही उघडली. आता ती एकेका विचित्र गावाच्या मुली नावासकट काढत होती आणि प्रत्येक वेळी आधी आकडा सांगत होती. दवाई खेडच्या? "चार." आल्या पाच. पाचही बसमधल्या. उदयखेडच्या? "तीन." तीन. धाव खेळच्या? "दोन." दोन. वहीतल्या नावांवर खुणा होत गेल्या. नऊ आणि पाच चौदा, आणि तीन सतरा, आणि दोन एकोणीस.

एकोणीस.

तिनं पुन्हा बेरीज केली. मग वहीवर बोट फिरवलं. एकाच नावापुढे खूण नव्हती. तिनं वही हातानं झाकली, पण मैनानं तोवर वाचलं होतं.

"मी नाई काय त्याच्यात?" मैना म्हणाली. "मी शाळेत नाई काय व आचल?"

आचल संगणकाकडे वळली. तिनं गावाऐवजी नावानं विचारलं. मैनाची ओळ आली. नोंद क्रमांक होता, वडिलांचं नाव होतं, वर्ग होता. गावाचा खाना कोरा. यादीतली ती पहिली कोरी ओळ, जिच्यावरून बोट घसरलं होतं, ती ही.

"हे कसं राह्यलं?"

मैना खाली पाहत होती. "मीच वाचून राहिली होती तवा. मायं नाव आलं, अन् मी धवयखेड म्हनलं, अन् मॅडम मांगून आल्या. 'धवय नाही, धवळ. ळ म्हण. परत म्हण.' सारे हासले. मी फोन ठेवला अन् जाऊन बसली. शकुननं पुढच्या ओळीपासून वाचलं."

मग नितेशनं फोन काढला. त्याला खरंच मदत करायची होती. "कोराच हाये ना खाना? भरून टाकतो मी. हे पाह्य, एआयनं देल्लं." आणि त्यानं लिहिलं:

UPDATE muli SET gaon = 'धवळखेड' WHERE gaon IS NULL;

म्हणजे, जिथे जिथे गावाचा खाना कोरा आहे, तिथे धवळखेड भर. बोट एंटरवर जाणार, इतक्यात आचलनं त्याचं मनगट पकडलं.

"आकडा सांग."

"एक. मैना. अजून कोन?"

"पक्कं?"

"हाव!"

तिनं ती ओळ बाजूला ठेवली आणि तक्त्यात काही न बदलता, तीच अट घालून नुसतं मोजायला सांगितलं: गाव कोरं असलेल्या किती? एंटर.

तेरा.

"बाप्पा!" नितेश म्हणाला.

"बारा पोट्ट्या उचलून तू आमच्या गावात आनून बसवत होता."

"बत्तीस झाल्या असत्या," तो पुटपुटला. पण त्यानं हात मांडीवर ठेवला, आणि पुढचा पाऊण तास तो तिथेच राहिला.

अडीच वाजता काळमेघ मॅडम स्वतःच आल्या. आचलनं त्यांना पडदा दाखवला, वही दाखवली, दवाई खेड दाखवलं. मॅडम आधी हसल्या. मग त्यांनी भलत्याच गावांत पडलेल्या त्या दहाही मुलींना वर्गातून बोलावून घेतलं आणि दारातच एकेकीला विचारलं, "गाव कोणतं?" मॅडमसमोर सगळ्याजणी जीभ वळवून, मान ताठ करून, 'धवळखेड' म्हणत होत्या. सर्वांत लहान, पाचवीतली, मध्येच अडकली आणि म्हणाली, "धव... आचलताईचंच गाव, मॅडम."

"आणि ही कोरी ओळ?"

आचलनं मैनाकडे पाहिलं. मैनानं तिलाच खुणावलं. शेवटी आचलनंच जूनची गोष्ट दोन वाक्यांत सांगितली आणि आता ओरडा बसणार म्हणून वाट पाहत उभी राहिली.

मॅडमनी चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा घातला. "मीच आले होते ना मागून?" त्या म्हणाल्या. मग त्या मैनाला म्हणाल्या, "बस इथे. तुझं तू भर."

मैना खुर्चीवर बसली. एआयनं दिलेलीच ओळ पडद्यावर होती. आचलनं तिचा फक्त शेवट बदलला होता. 'कोरं असेल तिथे'च्या जागी मैनाचा नोंद क्रमांक. गावाचं नाव मैनाला टाइप करायचं होतं. ध सापडला, व सापडला. ळ कीबोर्डवर कुठे आहे ते कुणालाच आठवेना. चौघांची डोकी एकावर एक आली. मॅडमनाच तो सापडला.

"आकडा सांग," आचल म्हणाली.

"एक," मैना म्हणाली, आणि तिनं एंटर दाबलं. एक ओळ बदलली.

मग दवाई खेड. "पाच." पाच. उदयखेड. "तीन." तीन. धाव खेळ. "दोन." दोन. सगळ्यात शेवटी कालचाच पहिला प्रश्न, नितेशनं उतरवलेला, एक अक्षरही न बदलता. या वेळी नितेशच म्हणाला, "वीस," आणि मग हळूच, "म्हंजे, मले वाटते." आचलनं एंटरवर बोट ठेवलं. तिनं दाबलं.

वीस.

मॅडमनी यादी छापून घेतली, प्रत्येक नाव पेन्सिलीनं मोजलं आणि सही केली. चार वाजता आलेल्या माणसानंही पेन्सिलीनंच मोजलं. "धवळखेड, वीस," तो म्हणाला. "मंग बस गावात जाईन. वर्षभर पाहाचं काम नाई." कागद पिशवीत टाकून तो पुढच्या शाळेला निघून गेला. मैना धावत वर्गात सांगायला गेली.

शाळा सुटायला अजून वीस मिनिटं होती. नितेश संगणक बंद करायला लागला. "चाल ना व, झालं ना काम."

आचलचा पाय अजून हलत होता.

"एक मिनिट," ती म्हणाली. तिनं पुन्हा विचारलं: गाव कोरं असलेल्या कोण? एंटरच्या आधी म्हणाली, "बारा." बारा आल्या. तिनं बाराही नावं आणि वर्ग वहीच्या नव्या पानावर उतरवून घेतले, पेन्सिल कानामागे खोचली आणि जिना उतरून सातवी 'ब'च्या दाराशी गेली. आतल्या बाईंची परवानगी घेऊन ती तिसऱ्या बाकावरच्या मुलीजवळ वाकली.

"तुयं गाव कोनतं व?"

मुलीनं बाईंकडे पाहिलं आणि ओठातल्या ओठात काहीतरी म्हटलं.

"ऐकू नाई आलं," आचल म्हणाली. तिनं वही मुलीच्या बाकावर ठेवली आणि कानामागची पेन्सिल काढली. "मोठ्यानं सांग. घरी म्हनते ना, तसंच."